भाव बदलण्याआधीची संध्याकाळ

शिरोड्याच्या बाजारपेठेतून वेळागरच्या समुद्राकडे जाणारा रस्ता जिथे वळतो, तिथे दाजी रेडकरांचं गॅसचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, टेबल, फोन, शेगडीच्या नळ्यांची भेंडोळी आणि भिंतीवर भावाचा फलक. सिलिंडर तिथे नसत. ते गावाबाहेर, आजगावच्या वाटेवरच्या माळावर, कुंपण घातलेल्या गोदामात. दुकानात असत ते फक्त दाजी, आणि दुपारच्या जेवणानंतर तेही तिथे असत असं म्हणता येत नसे. खुर्चीत बसलेले दिसत, डोळे उघडे दिसत, पण विचारलेलं त्यांच्यापर्यंत पोचत नसे. "दाजी जहाजार गेले," असं म्हणून माणसं पायरीवर बसून राहत. थोड्या वेळाने दाजी परत येत, पाणी पीत आणि विचारत, "हां, काय म्हणत होतास?"

ते खरोखरच जहाजावर होते, जवळजवळ सगळं आयुष्य. शेवटची कित्येक वर्षं गॅस वाहणाऱ्या जहाजावर पंपमन. आखातातल्या बंदरात जहाज लागलं की किनाऱ्यावरून आलेला नळ जहाजाला जोडायचा आणि टाकी भरेपर्यंत त्याच्याजवळ उभं राहायचं, हे त्यांचं काम. गॅस तेव्हा वारा नसतो, पाणी असतो, इतका थंड केलेला असतो. बाहेर वाळवंटाचं ऊन, डेकवर पाय ठरत नाही, आणि त्या उन्हात नळावर मात्र पांढरंशुभ्र हिंव, बर्फाचा पातळ थर, धरलेलं. दाजी हातमोज्याच्या बोटाने ते खरवडत आणि खाली सोडत. डेकवर पडायच्या आत ते नाहीसं होई. सगळ्या नोकरीत त्यांना सर्वांत आवडलेली गोष्ट कुठली, तर ही.

त्यांची बायको सुशीला, ते समुद्रात असतानाच वारली. जहाज बंदराला लागल्यावर त्यांना कळलं. मूलबाळ नव्हतं. १९९८ साली दाजी कायमचे गावी आले आणि सुरूच्या बनात बसून राहू लागले. त्यांच्या पुतण्याने, जितेंद्रने, पेपरात गॅस एजन्सीची जाहिरात पाहिली आणि त्यांच्या नावाने अर्ज केला. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "गॅसबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" दाजी ऑफिसातली मराठी सावकाश जुळवत म्हणाले, "साहेब, थंड आहे तोपर्यंत तो शांत असतो. नंतर त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं." साहेब हसले. एजन्सी मिळाली.

दुकान उघडलं त्या वर्षी नर्मदा पहिल्यांदा आली. वेळागरला रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढलं की वाळूवर माशांचा लिलाव होई. तिथे मासे घेऊन गावात विकणाऱ्या बायकांपैकी ती एक. नवरा होडीवरून बुडून गेलेला, मुलगी लग्न होऊन विजयदुर्गला. तिने रिकामी टोपली दाराबाहेर ठेवली, फलकाकडे पाहिलं आणि विचारलं, "कितीक दितालास?"

"लिवलां आसा थंय."

"ता माका वाचूक येता. घेतलास कितीक तां सांगा. आपण मधी खंयतरी येवया."

दाजींनी समजावलं की इथे मध्ये यायला जागा नाही. भाव वरून येतो. एक रुपया वाढवायची सोय नाही, एक रुपया कमी करायची नाही. आपल्याला प्रत्येक सिलिंडरमागे ठरलेलं कमिशन. भाव वाढला तरी तेवढंच, उतरला तरी तेवढंच.

नर्मदा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या सगळ्या आयुष्यात भाव म्हणजे दोन माणसांनी समोरासमोर बसून काढायची गोष्ट होती. "भाव तुमचो नाय," ती म्हणाली, "तर तुमी विकतास कित्याक?"

दाजींनी फलकाकडे पाहिलं. मग आठवल्यासारखे म्हणाले, "एक आसा. गोदामातसून तू स्वतः उचलून नेलंस तर पोचवण्याचे पैसे कमी जातत. ती सूट माका दिवची पडता."

"तां आदी सांगूक काय झाल्लां?" नर्मदा म्हणाली. ती माळावर गेली, डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर लाल सिलिंडर ठेवला आणि हात सोडून चालू लागली. दाजी गोदामाच्या फाटकात उभे राहून, ती वळणाआड होईपर्यंत बघत राहिले.

त्यानंतर दर सिलिंडरला ती भाव करायची. मिळणार नाही हे माहीत असून करायची आणि मग पायरीवर बसायची. दाजी तिला भाव कुठून येतो ते सांगत. दर महिन्याला आखातात गॅसचा एक भाव जाहीर होई. त्यात जहाजाचं भाडं मिळवायचं, डॉलरचे रुपये करायचे, बंदराचा खर्च, सिलिंडर भरायचा खर्च, ट्रक, कर. असा होत होत जो आकडा निघे तो खरा भाव. हॉटेलवाल्यांच्या मोठ्या सिलिंडरला तो भरावा लागे, म्हणून मोठ्या सिलिंडरचा भाव आखाताबरोबर वरखाली होई. घरच्या लाल सिलिंडरला मात्र दिल्लीत कोणी ना कोणी त्याहून पुष्कळ कमी भाव लावून देई. मधला फरक सरकार आणि कंपनी सोसत. तो भाव मग महिनोन्‌महिने हलत नसे.

"म्हंजे ह्यो दुपारचो भाव," नर्मदा म्हणाली.

दाजींना कळलं नाही. तिने सांगितलं: सकाळी वाळूवर बांगडा महाग घेतला, आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी झाली नाही, तर घेतल्यापेक्षा कमी भावाने द्यावा लागतो. नाहीतर कुसतो, कुजून जातो. "पण गॅस कुसता काय?"

"गॅस कुसना नाय," दाजी विचार करून म्हणाले. "भाव वाढवल्यार सरकार कुसता."

नर्मदा इतकी हसली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

तिच्यामुळे दाजी सकाळी समुद्रावर जाऊ लागले. रापण वर यायची, पेडव्यांचा ढीग वाळूवर चकाकायचा, लिलाव पुकारणारा ओरडू लागायचा. दाजी बायकांच्या मागे उभे राहून ऐकत. त्यांना वाटे, आपण नळाजवळ उभे होतो तेव्हा भाव कुठेतरी दूर, काचेच्या खोलीत बोलला जात होता. इथे तो ओल्या वाळूतून वर येतो. वारा फिरला की तो फिरतो. एखादी बाई नुसती पाठ वळवून दोन पावलं गेली तरी उतरतो. ते घरी येत, आंघोळ करत, दुकान उघडत आणि फलकाकडे बघत. फलक तोच. मग दुपार होई, आणि उन्हात कुठेतरी पांढरं हिंव धरू लागे.

अशी बरीच वर्षं गेली. चुली एकेक करून थंड झाल्या. विहिरीवरच्या बायकांच्या अंगाला धुराचा वास येईनासा झाला. गावात कोणाकडे सकाळी चहा लवकर होऊ लागला याचं श्रेय कोणी दाजींना दिलं नाही, पण ट्रक उशिरा आला की शिव्या मात्र त्यांनाच.

२००८ च्या जूनमध्ये ट्रक खूपच उशिरा आला. आभाळ भरलेलं होतं, पाऊस उतरला नव्हता. होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या होत्या, त्यामुळे बायकांच्या हाताला काम नव्हतं. किती तरी घरांत सिलिंडर संपून लोक दमट लाकडं फुंकत होते. अखेर बांद्याकडून ट्रक आला, दुपारभर माल उतरला, गोदाम भरलं. पण घरोघरी पोचवणार कसं? नेहमी सिलिंडर पोचवणाऱ्या बाबलीचा टेम्पो सावंतवाडीला दुरुस्तीला गेलेला.

शेजारच्या दुकानात टीव्ही चालू होता. तिथून जितेंद्र धावत आला. "काका, गॅस वाढलो. पन्नास रुपयांनी!"

मागोमाग कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. "रेडकर, मध्यरात्रीपासून नवीन दर. सकाळी फलक बदला."

"आणि मध्यरात्रीपर्यंत, साहेब?"

"तोपर्यंत जुनाच. पण आता संध्याकाळचं कोण विकतंय?" साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

जितेंद्र टेबलावर हात टेकून उभा राहिला. तो वाईट मुलगा नव्हता. दुकानाची सगळी धावपळ त्याच्याच जिवावर चाले. "ट्रक आजच इलो ह्यां नशीबच," तो म्हणाला. "टेम्पो पण नाय. गप सकाळी सुरू करूया. माल जुन्या भावाचो, विक्री नव्या भावान. ह्येच्यात चोरी नाय, काका. सगळेच करतत."

"चोरी नाय," दाजी म्हणाले.

आणि ते खरंच होतं. भाव उतरतो तेव्हा गोदामातल्या मालाचं नुकसान विकणाराच सोसतो. मग चढतो तेव्हा त्याने फायदा घेतला तर कोण बोलणार? दाजींनी भिंतीवरचा फलक काढून टेबलावर ठेवला. ओल्या फडक्याने जुना आकडा पुसायचा, एवढंच बाकी होतं. फडकं हातात घेऊन ते तसेच बसले. जितेंद्रला वाटलं, काका गेले जहाजावर.

तेवढ्यात नर्मदा दारात आली. डोक्यावर रिकामा सिलिंडर. ट्रक आल्याचं तिला कळलं होतं; भाव वाढल्याचंही.

"भाव कधी बदलता?" तिने विचारलं.

"मध्यरात्री."

"आताचो काय?"

"आताचो जुनो."

"मगे हो भाव रातीक कुसतलो," नर्मदा म्हणाली. "कुसच्या आदी तो काढूक नको?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. पुढे ते सांगत की त्या क्षणी त्यांना पायांखाली डेक हलल्यासारखा वाटला. इतकी वर्षं भाव आभाळासारखा वरून येत होता. चढला तरी आपण खाली, उतरला तरी खाली. आणि आज पहिल्यांदाच त्या दोन भावांच्या मध्ये एक फट पडली होती, एका संध्याकाळएवढी. त्या फटीत दिल्ली नव्हती, आखात नव्हतं, कंपनी नव्हती. फक्त ते होते.

त्यांनी फडकं ठेवलं आणि फलक पुन्हा भिंतीवर लावला. "भाव माझ्या हातात नाय," ते जितेंद्रला म्हणाले, "पण संध्याकाळ माझ्या हातात आसा. गोदाम उघड. ज्यांनी नंबर लावलोहा त्यांकाच, आणि लावलो तश्येच. एकालाय मधी घुसवू नको."

"आणि नेतलो कोण? टेम्पो खंय आसा?"

"टेम्पो कित्याक व्हयो?" नर्मदा म्हणाली आणि रिकामा सिलिंडर तिथेच ठेवून वाडीकडे निघाली.

थोड्याच वेळात माळावर बायका दिसू लागल्या. वेळागरच्या, केरवाड्याच्या, बाजारपेठेतल्याही. मासळीच्या टोपल्या वाहून वाहून त्यांच्या माना ताठ झालेल्या. जितेंद्र नाव पुकारी, सिलिंडर तपासून देई, आणि दाजी प्रत्येकीला पोचवण्याचे पैसे वजा करून भाव सांगत. ज्यांच्या घरात उचलणारं कोणी नव्हतं त्यांचा शेजारणींनी उचलला. बोलणं फारसं नव्हतंच. चुंबळ, सिलिंडर, हाताचा आधार, आणि चालू.

मधेच शंकर आला. समुद्राजवळ त्याची खानावळ होती आणि स्वतःचा टेम्पो होता. "दाजीनू, माका धा लाल द्या. मोठ्या सिलिंडराचो भाव माका मारून टाकता."

"लाल तुका मिळचो नाय, शंकर. तो घरचो."

"कोण बघता हय?"

"मी बघतंय," दाजी म्हणाले. मग म्हणाले, "टेम्पो मात्र माका देशीत काय? रेडीच्या बाजूक चार म्हातारी माणसां आसत. त्येंका कोण न्हेवन देतलो?"

शंकर तणतणला. सगळ्या गावाला स्वस्त गॅस आणि आपल्याला तेवढा महाग, हा कुठला न्याय, असं त्याने दोनदा विचारलं. मग किल्ली दाजींच्या हातात न देता स्वतःच टेम्पोत बसला आणि ओरडला, "चला, भरा बेगीन!"

सूर्य खाली गेला तेव्हा बायकांची रांग मिठागरांच्या बांधावर होती. मीठ काढून झालं होतं, वाफ्यांत नुसतं पाणी साचून राहिलं होतं, आणि ढगांच्या कडेने आलेला तांबूस उजेड त्यात उतरला होता. बांधावरून एक रांग चालत होती आणि पाण्यात डोकं खाली करून दुसरी. प्रत्येकीच्या डोक्यावर लाल सिलिंडर. वारा पडलेला होता. कोणीतरी काहीतरी बोललं आणि हसू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. दाजी मागून चालत होते. त्यांना वाटलं, आपण आखातात नळ जोडला होता त्याचं दुसरं टोक हे. मधे एवढा समुद्र होता, एवढ्या रात्रपाळ्या, एवढे आकडे; आणि शेवटी तो गॅस ह्या बायकांच्या डोक्यावरून, बांधावरून, घरी चालला आहे. कधी नव्हे ते दाजी जहाजावर गेले नाहीत. ते जिथे होते तिथेच राहिले आणि डोळे भरून बघत राहिले.

काशीबाई म्हणून एक म्हातारी सुरूच्या बनापलीकडे एकटी राही. तिचा सिलिंडर मागे राहिला होता. दाजींनी तो स्वतःच्या खांद्यावर घेतला. नर्मदा म्हणाली, "तुमका झेपाचो नाय." तो झेपला नाहीच, अर्ध्या वाटेत तिने घेतला. काशीबाईच्या चुलीतला धूर डोळ्यांत जात होता. दाजींनी सिलिंडर जोडला, काडी ओढली, निळी फुलं फुलली, आणि म्हातारीने त्यांना बिनदुधाचा चहा दिला.

परत येताना अंधार पडला होता. चांदणं नव्हतं. लाट फुटली की तिच्या कडेला हिरवट उजेड उमटत होता, पाण्यात काजवे पेटल्यासारखा. दोघं बघत उभी राहिली.

"तुमचां नुकसान झालां," नर्मदा म्हणाली.

"नाय. फायदो झालो नाय इतक्याच."

"तांच तां."

"तांच नाय गो," दाजी म्हणाले. ते कसं हे सांगण्याऐवजी त्यांनी तिला उन्हातल्या हिंवाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट त्यांनी सुशीलालासुद्धा कधी सांगितली नव्हती. रजेवर घरी आलं की दुसरंच बोलायचं असे. नर्मदेने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाताक लागला तर कसां लागता?" दाजींना सांगता आलं नाही. त्यांनी कधी हातमोजा काढलाच नव्हता.

सगळं गोड झालं असं नाही. दुसऱ्या दिवसापासून ज्यांचे नंबर राहिले होते त्यांना नवा भाव द्यावा लागला. दाजींनी आपल्या माणसांना आधी दिला, असं काहीजण बोलले. जितेंद्र कित्येक दिवस कामापुरतंच बोले. पुढच्या जानेवारीत भाव उतरला तेव्हा गोदाम नेमकं भरलेलं होतं, आणि ते नुकसान दाजींनी सोसलं. जितेंद्रने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "बघतंस काय? उतरलो ह्यां लोकांका बरां झालां." मग दोघांनाही हसू आलं, आणि तो ताण संपला.

२०१० साली दाजींनी जितेंद्रला एजन्सीत भागीदार करून घेतलं आणि दुकानाची खुर्ची त्याला दिली. त्या पावसाळ्याच्या तोंडावर भाव पुन्हा वाढला. तो जितेंद्रनेच ऐकला आणि त्यानेच लिहिला. काकांना सांगायला तो घरी गेला तर दाराला कडी. दाजी नर्मदेबरोबर बांद्याच्या बाजाराला गेले होते. आता ते तिच्याबरोबर सुकी मासळी विकायला बसत. गावाने बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं. तिच्या मुलीने विजयदुर्गहून येऊन दाजींना एकदा नीट पाहिलं, जेवायला वाढलं, आणि जाताना आईकडे बघून "आवशीक सांभाळा" म्हणाली. त्यावर आणखी कोणी काही बोललं नाही.

बांद्याला पहिल्या दिवशी नर्मदा चहा घ्यायला गेली आणि दाजी एकटे सुक्या सुंगटांच्या, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीच्या, ढिगापुढे बसले. एक बाई आली. "कशी दिली?"

आयुष्यात पहिल्यांदाच दाजींनी स्वतःच्या मनाने भाव सांगितला. बाईने नाक मुरडलं आणि अर्ध्यात मागितली. दाजींचा चेहरा उजळला. त्यांनी ताबडतोब दिली, वर आणखी एक मूठ घातली. नर्मदा चहाचे दोन पेले घेऊन आली तोपर्यंत बाई पिशवी घेऊन निघून गेली होती.

"कितीक दिल्यात?"

दाजींनी सांगितलं.

"अहो, असो कोण भाव करता काय?"

"चुकलां," दाजी म्हणाले. पण त्यांना वाईट वाटल्यासारखं दिसत नव्हतं. त्यांनी चहाचा घोट घेतला, सुंगटांचा ढीग हाताने सारखा केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसले.